एचआरमधून एथिक्स कन्सल्टिंग आणि कोचिंगकडे: सर्टिफिकेटच्या आधी काय बघायचं

तुम्ही विचारलंय की अंधेरीत एचआरमध्ये बरीच वर्षं काढली, आता नोकरी सोडून कंपन्यांना सचोटीने धंदा करण्याबद्दल सल्ला द्यायचा आणि मॅनेजर लोकांचं कोचिंग करायचं, तर आधी आयसीएफचं, म्हणजे कोच लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, सर्टिफिकेट करू का. करा की. एसीसीला, म्हणजे त्यांच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटला, किमान ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, त्यातले ७५ तास पैसे घेऊन केलेले, म्हणजे लोकांसमोर गप्प बसून ऐकायची सवय तरी नक्की लागते. पण फक्त त्याच्यावर क्लायंट येत नाहीत.

खरी कसोटी कुठे लागते सांगतो. पैसे कंपनी देते आणि समोर बसतो तिचा मॅनेजर. दोन-तीन सेशन झाली की एचआर हेड लिफ्टपर्यंत सोडायला येतात आणि सहज विचारल्यासारखं करतात, "काय म्हणतोय तो? राहील ना आपल्याकडे?" याचं उत्तर लिफ्टपाशी शोधायचं नसतं, ते करारात आधीच असायला हवं. मी सुरुवातीलाच मॅनेजर, त्याचे बॉस आणि एचआर अशा तिघांना एकत्र बसवतो आणि लिहून घेतो की कंपनीला कळेल ते फक्त किती सेशन झाली आणि सगळ्यांनी मिळून कुठलं उद्दिष्ट ठरवलं, आत बोललेलं बाहेर जाणार नाही, कायद्याने सांगावंच लागलं तर तेवढं सोडून. प्रगती किती झाली ते मॅनेजरने स्वतः बॉसना सांगायचं. काही कंपन्या यावर सही करत नाहीत, मग ते काम घ्यायचं नाही, बीकेसीतलं कितीही मोठं नाव असो, कारण त्या मॅनेजरने विश्वासाने बोलायचं तरी कशाच्या जोरावर?

कन्सल्टिंगचं म्हणाल तर मालकांना बऱ्याचदा भिंतीवर लावायला मूल्यांची यादी हवी असते. मी आधी अकाउंट्समध्ये जाऊन बसतो. वसईच्या छोट्या वर्कशॉपवाल्याचं बिल किती दिवस अडकवलंय ते बघतो, कायद्याने लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि आता सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट या मुदतीत केलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची इन्कम टॅक्समध्ये वजावटही मिळत नाही. मग हिशेबातलं "लायझनिंग चार्जेस" नावाचं खातं उघडून दाखवायला लावतो. फाइल हलवायला दिलेले पैसे तिथेच सापडतात. मालक म्हणतात सगळेच देतात, तेव्हा मी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातली २०१८ ची दुरुस्ती समोर ठेवतो: लाच देणाराही गुन्हेगार, ७ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तक्रार केली तरच सूट. हे ऐकल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढून बोलणं सुरू होतं.

तुमच्यासाठी सरळ वाट मला पॉश समितीतून, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीतून दिसते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसला ही समिती लागते आणि त्यात एक सदस्य बाहेरचा असतो, एनजीओतला किंवा या विषयाची जाण असलेला. तक्रारी हाताळल्याचा अनुभव असेल तर नोकरीत असतानाच कंपनीची परवानगी काढून दोन ठिकाणी हे काम घ्या. मालक दबावाखाली कसा वागतो ते तिथे अगदी जवळून दिसतं. घरचा वर्षभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नका, कारण ईएमआय डोक्यावर असताना क्लायंटला नाही म्हणणं फार कठीण जातं.