मुलीची समजूत घालायला कोच लावू नका

प्रश्न : माझ्या मुलीने बारावीनंतर दोन वर्षं ड्रॉप घेऊन वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी केली. तीन प्रयत्नांत ३६२, ४१८ आणि ४०५ गुण पडले. आता म्हणते, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करते. त्यात स्कोप काय? वर्धा रोडवर एक करिअर कोच आहेत. त्यांनी तिच्या बोटांच्या ठशांची चाचणी केली, त्यात वैद्यकीय क्षेत्र ८७ टक्के अनुकूल निघालं. त्यांचं सहा महिन्यांचं पॅकेज ४८ हजारांचं आहे, हप्त्यानेही देता येतं. आमचं ती ऐकत नाही; त्यांनी सांगितलं तर पटेल आणि आणखी एक वर्ष मन लावून करेल. तिच्यासाठी आम्ही घरातला टीव्ही बंद केला, टेस्टच्या गुणांचा तक्ता तिच्या खोलीच्या दारावर लावला. हल्ली ती ताट घेऊन खोलीतच जेवते. पॅकेज घ्यावं का? — एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नमस्कार. पॅकेज घेऊ नका. कारणं सांगते, पण आधी त्या ताटाबद्दल बोलू.

‘ताट घेऊन खोलीतच जेवते’ हे तुम्ही टीव्ही आणि तक्त्याच्या ओघात लिहून गेलात. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटली. वीस वर्षांची मुलगी दिवसभरात कितीदा तरी त्या दारातून ये-जा करते आणि दर वेळी तिला स्वतःचे कमी पडलेले गुण दिसतात. घरी आलेल्या मावशीला दिसतात, शेजारच्या काकूंना दिसतात. चौघं जेवायला बसले की विषय कुठे जात असेल, याचा अंदाज मी करू शकते. तिने त्यातून स्वतःपुरती वाट काढली, ताट उचललं. तुम्ही दुष्ट आहात असं मी म्हणत नाही. टीव्ही बंद करणारा बाप मुलीसाठी झटतोच आहे. पण ज्या घरात जेवतानाही परीक्षा संपत नाही, तिथे ती तिसरं वर्ष ‘मन लावून’ कशी काढेल?

तो तक्ता आजच काढा. काढताना काही बोलू नका, त्याबद्दल तिच्याकडून आभाराची अपेक्षाही ठेवू नका. मग काही दिवस अभ्यास, निकाल, प्रवेश हे शब्द जेवणाच्या वेळी कुणीच काढायचे नाहीत, आजीनेसुद्धा. तिची झोप कशी आहे, जेवण जातं का, मैत्रिणींशी बोलते का, याकडे लक्ष द्या. रात्र रात्र जागते आहे, सारखी रडते आहे किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ असं काही तिच्या तोंडून आलं, तर करिअरचा विषय तिथेच थांबवा आणि तिला मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन जा. आपण नागपूरकर ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो, त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आता कोच. तुम्हाला त्यांच्याकडून मार्गदर्शन नको आहे. उत्तर तुमच्याकडे तयार आहे, ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून तिच्यापर्यंत जायला हवंय. पहिल्या दहा मिनिटांत तिच्या ते लक्षात येईल. आणि नुकसान ४८ हजारांवर थांबणार नाही. उद्या तिला खरोखर चांगला समुपदेशक भेटला, तरी ‘हाही बाबांचाच माणूस’ म्हणून ती त्याच्यापुढे तोंड उघडणार नाही.

त्या ठशांच्या अहवालाबद्दल स्पष्टच सांगते, कारण आपल्याकडे शिकलेली घरंही यात फसतात. बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच, सहाव्या महिन्याच्या सुमारास पक्क्या झालेल्या असतात. त्यावरून माणूस ओळखता येतो. त्याची बुद्धी, आवड किंवा व्यवसाय ओळखता येत नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. तुमच्या अहवालातले ८७ टक्के म्हणजे कशाचे ८७, हे त्या कोचना विचारून बघा. खऱ्या अभिक्षमता चाचणीत मुलाला प्रश्न सोडवावे लागतात आणि त्याची कामगिरी त्याच वयाच्या मुलांशी ताडून बघितली जाते. तीसुद्धा ‘तू डॉक्टर हो’ असं सांगत नाही. आकड्यांत बरी गती आहे, भाषेत जास्त आहे, एवढंच सांगते. पुढचा विचार माणसांनी एकमेकांशी बोलूनच करायचा असतो.

आणि तिसरा ड्रॉप? माझं मत नाही असं आहे, आणि त्याचं मुख्य कारण ती स्वतः नाही म्हणते आहे. नीटला आज कमाल वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादाही नाही. त्यामुळे ‘आणखी एक वर्ष’ दर वर्षी म्हणता येतं. परीक्षा कुणाला थांबवत नाही, घरातल्यांनाच थांबावं लागतं. २०२५ साली २२ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. शिवाय पेपर दर वर्षी सारखा कठीण नसतो, म्हणून ४१८ वरून ४०५ म्हणजे ती मागे पडली, हा हिशेबही चुकीचा आहे. बघायची तर रँक बघा. याच गुणांवर पशुवैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या जागा कुठवर जातात, हे तिला हवं असेल तरच तपासा.

मायक्रोबायोलॉजीच्या स्कोपचा प्रश्न मात्र रास्त आहे. नुसत्या बीएस्सीवर बहुधा औषध किंवा खाद्यपदार्थांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम मिळतं आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हे तिलाही माहीत असायला हवं. या विषयात एमएस्सी धरूनच चालायचं, म्हणजे पाच वर्षं. चांगल्या संस्थेत एमएस्सी करायची तर आयआयटीची जॅम आणि सीयूईटी-पीजी या परीक्षा आहेत. पाणी, सांडपाणी, कचरा यांवर काम करणारी नीरी ही संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे. तिथे सूक्ष्मजीवशास्त्राची माणसं काय करतात याची माहिती तिने काढावी. दोन वर्षांच्या खंडाची धास्ती घेऊ नका, गॅपचं प्रतिज्ञापत्र दिलं की बीएस्सीला प्रवेश मिळतो. नीटसाठी केलेलं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पहिल्या वर्षी तिच्या कामी येईल.

कोच कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. काही वर्षं नोकरी केलेल्या आणि क्षेत्र बदलू पाहणाऱ्या माणसाला चांगल्या कोचचा उपयोग होतो. तुमच्या मुलीला अभ्यासक्रम निवडायचा आहे. त्यासाठी मानसशास्त्र शिकलेल्या समुपदेशकाच्या दोन-तीन भेटी पुरतात. आपल्याकडे करिअर कोच म्हणून पाटी लावायला परवाना लागत नाही, त्यामुळे विचारपूस तुम्हालाच करावी लागेल. त्यांचं शिक्षण काय, चाचणी कोणती वापरतात, खासगी कॉलेजांकडून किंवा परदेशी एमबीबीएसच्या एजंटांकडून प्रवेशामागे कमिशन घेतात का? शेवटच्या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे जाऊ नका. पैसे भेटीगणिक द्या, पॅकेजचे हप्ते बांधून घेऊ नका.

आणि हे सगळं तिने स्वतःहून ‘मला कुणाशी तरी बोलायचंय’ म्हटल्यावर. कुणाकडे जायचं ते तिला ठरवू द्या. तुम्ही सोबत जा, पण भेट होईपर्यंत बाहेर बसा, आणि आत काय बोलणं झालं ते परतीच्या वाटेवर विचारू नका.