एआयनं सुचवलेलं पॅकेज तसंच इन्स्टॉल करावं का?

तुम्ही विचारलंय की इंदूरला विजयनगरात सहा जणांची टीम आहे, काम नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं, एआय असिस्टंट पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) सुचवतो आणि मुलं लगेच इन्स्टॉल करून मोकळी होतात. हे चालेल का?

नाही चालणार. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 मॉडेल्सकडून 5.76 लाख कोडचे नमुने लिहून घेतले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे 20 टक्के अस्तित्वातच नव्हती. पैसे भरून वापरायच्या मॉडेल्समध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणून निर्धास्त होऊ नका. खरी गोम अशी की तोच प्रश्न पुन्हा दहादा विचारला तेव्हा यांतली 43 टक्के बनावट नावं दहाही वेळा आली. म्हणजे चोरानं त्या नावाचं विषारी पॅकेज आधीच नोंदवून ठेवायचं आणि वाट बघत बसायचं.

म्हणून ‘रजिस्ट्रीत (पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यात) सापडलं ना’ याला अर्थ नाही. डाउनलोडच्या आकड्यालाही नाही: एका संशोधकानं ‘हगिंगफेस-सीएलआय’ नावाचं रिकामं पॅकेज मुद्दाम टाकून पाहिलं, तर तीन महिन्यांत 30 हजारांवर डाउनलोड झाले.

आधी वय बघा. नोडची पॅकेजेस आणणारं साधन म्हणजे एनपीएम. त्यात ‘एनपीएम व्ह्यू’, पुढे पॅकेजचं नाव, पुढे ‘टाइम’ असं दिलं की पहिल्या आवृत्तीपासूनच्या तारखा दिसतात. नाव प्रसिद्ध आणि जन्म गेल्या महिन्यातला, तर हात लावू नका. पॅकेजच्या पानावरची गिटहबची लिंक पुरावा धरू नका, ती कुणीही कुणाचीही टाकू शकतो. सराफ्यात दुकानदार सांगतो म्हणून 22 कॅरेट मानत नाही ना आपण? उलट दिशेनं जा: मूळ प्रोजेक्टचं रीडमी (माहितीची फाइल) उघडा आणि इन्स्टॉलसाठी तिथे कोणतं नाव दिलंय ते बघा.

नवी आवृत्तीही लगेच घेऊ नका. 8 सप्टेंबर 2025 ला ‘चॉक’, ‘डीबग’ अशी 18 नावाजलेली पॅकेजेस बिघडवली गेली, कारण देखभाल करणारा बनावट ईमेलला फसला. विषारी आवृत्त्या साधारण दोन तासांत लक्षात आल्या, म्हणजे दोन दिवस थांबणारा वाचला. पीएनपीएम या एनपीएमच्या पर्यायात 10.16 पासून ‘मिनिममरिलीजएज’ ही सेटिंग आहे. आकडा मिनिटांत द्यायचा. 10080 दिला की आठवडाभर जुनं तेवढंच येईल.

इन्स्टॉल होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद करा: एनपीएममध्ये ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ ट्रू. मग ‘बीक्रिप्ट’सारखं नेटिव्ह कोडचं (इन्स्टॉल होतानाच काही भाग तयार करणारं) पॅकेज रुसू शकतं. तेवढ्या एकाच पॅकेजपुरती स्क्रिप्ट चालू करून रीबिल्ड करा, सगळ्यांसाठी दार उघडू नका. लॉकफाइल (नेमक्या कोणत्या आवृत्त्या घेतल्या त्याची नोंद) गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा, तो त्या नोंदीतल्याच आवृत्त्या आणतो. एजंटला (स्वतःच कमांड चालवणाऱ्या एआयला) इन्स्टॉलची परस्पर परवानगी तर देऊच नका.

संशयास्पद काही आधीच येऊन गेलं असेल, तर नोड मॉड्यूल्सचा (पॅकेजेस उतरतात तो) फोल्डर उडवून भागत नाही. स्क्रिप्ट तोवर चालून गेलेली असते. एनपीएम आणि गिटहबचे टोकन (पासवर्डसारख्या प्रवेशाच्या खुणा) रद्द करा, क्लायंटच्या क्लाउड की बदला, आणि हे सगळं दुसऱ्या लॅपटॉपवरून करा.