आत्याचा ल्युपस, मुलीचा प्रश्न आणि बारावीनंतरची वाट

गोव्यातल्या वाळपईहून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. तिच्या आत्याला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, आहे आणि डॉक्टरांच्या बोलण्यात इंटरफेरॉनचा उल्लेख आल्यापासून तिने एकच प्रश्न धरून ठेवला आहे : विषाणूंपासून आपले रक्षण करणारा पदार्थ आजाराचे कारण कसा होतो? तिला इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, संशोधन करायचे आहे. वडिलांना वाटते की तिने नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊन डॉक्टर व्हावे. संशोधनावर संसार चालतो का, असेही त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मुलीचा प्रश्न आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालू असलेल्या कामाच्या अगदी गाभ्याचा आहे, म्हणून प्रवेशपरीक्षांआधी त्याच्याविषयीच लिहितो. 1957 साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांना असे आढळले की उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्याच्या संपर्कात आणला की तिथल्या पेशी असा एक पदार्थ बाहेर टाकतात, ज्यामुळे इतर पेशींना विषाणूची लागण होत नाही. त्यालाच त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले.

अल्फा आणि बीटा हे पहिल्या प्रकारचे प्रमुख इंटरफेरॉन. ते विषाणूला स्वतः मारत नाहीत. लागण झालेली पेशी त्यांच्याकरवी शेजारच्या पेशींना सावध करते, त्या पेशींतली शेकडो जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने बनवण्याचे काम रोखले जाते आणि विषाणूचा आरएनए कापला जातो. ही व्यवस्था किती मोलाची आहे हे विषाणूंच्या वागण्यावरूनच कळते. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की या संदेशसाखळीतले स्टॅट-2 हे प्रथिनच नष्ट करवतो. कोविडमुळे जीव धोक्यात आलेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीज होत्या, असे 2020 मध्ये दिसून आले.

ल्युपसमध्ये मात्र हा इशारा थांबतच नाही. मृत पेशींतून सुटलेले डीएनए आणि आरएनए अँटिबॉडीजशी जोडले जाऊन काही विशिष्ट पेशींत शिरतात, त्या पेशी त्यांना विषाणूचेच समजतात आणि विषाणू नसतानाही इंटरफेरॉन अल्फा बनवत राहतात. कावीळ किंवा कर्करोगावर उपचार म्हणून हेच इंटरफेरॉन घेतलेल्या काही रुग्णांत ल्युपससारखी लक्षणे उमटली होती, हा त्याचा मोठा पुरावा. इंटरफेरॉनचा संदेश स्वीकारणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) अडवणाऱ्या ॲनिफ्रोलुमॅब या औषधाला 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ते घेणाऱ्यांत नागीण होण्याचे प्रमाण वाढते, म्हणजे आजार आवरताना संरक्षणही थोडे कमी होते. किती अडवायचे आणि कोणत्या रुग्णात, हे काम तुमच्या मुलीच्या पिढीसाठी उरलेले आहे. आत्याबाईंच्या उपचारांबद्दल मात्र त्यांच्या डॉक्टरांचाच शब्द मानावा.

आता वाटेविषयी. तिने नीट अवश्य द्यावी, कारण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर एमबीबीएसनंतर एमडी करून रुग्णांच्या बाजूने याच प्रश्नाकडे येता येते. परंतु नीटचा निकाल मनासारखा लागला नाही म्हणून हा विषय तिच्या हातून गेला, असे घरात कोणी समजू नये. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी, पुढे ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात एमएस्सी, किंवा जॅम ही एमएस्सीची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन बाहेरच्या संस्थेत, आणि त्यानंतर पीएचडी ही सरळ वाट आहे. बारावीनंतर थेट आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेशपरीक्षाही देता येते.

हे काम रोज कसे असते, हे तिने आधी पाहावे असे मला मनापासून वाटते. पेशी 37 अंशांवर, गुलाबी द्रावणात वाढवाव्या लागतात, आणि त्या सुट्टी पाळत नाहीत. इंटरफेरॉनची ताकद मोजण्याच्या जुन्या पद्धतीत छोट्या खळग्यांच्या तबकडीत पेशी वाढवून त्यांना कमीजास्त इंटरफेरॉन देतात, मग विषाणू सोडतात आणि शेवटी जांभळा रंग घालून धुतात. जिथे पेशी वाचल्या तो खळगा जांभळा राहतो, जिथे मेल्या तो पारदर्शक होतो. कधी कधी सगळीच तबकडी पारदर्शक निघते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा वैतागण्याऐवजी कारण शोधत बसावेसे जिला वाटते, तिने या क्षेत्रात यावे.

पोटापाण्याचे स्पष्ट सांगतो. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात आणि त्यानंतरही कायम पदांसाठी चुरस असते, त्यामुळे तिशीपर्यंत स्थैर्याची घाई न करण्याची घरच्यांची तयारी हवी. एमएस्सीवर थांबायचे झाल्यास वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणीची कामे असतात. ती संशोधनाची नव्हेत, पण नियमित पगाराची आहेत. एक गोष्ट आजच करावी : संख्याशास्त्र आणि थोडे संगणक प्रोग्रामिंग तिने टाळू नये, कारण रुग्णांच्या रक्तातील हजारो जनुकांची माहिती वाचल्याशिवाय या विषयात आता पुढे जाता येत नाही.

पुढचे पत्र तिला स्वतःला लिहू द्या. बारावीला गणित आहे का, गोव्याबाहेर राहण्याची तिची तयारी आहे का आणि आत्याजवळ बसून बोलणे तिला अधिक आवडते की पेशीच्या आत काय चालते ते वाचणे, हे तिने कळवले तर आयसर, गोवा विद्यापीठ आणि वैद्यकीय यांपैकी कशाला आधी जोर लावावा हे नेमके सांगता येईल.