इंदूरहून खानदेशात जायचंय, कुठल्या स्टँडवर जाऊ?

प्रश्न : आम्ही राजेंद्रनगरला राहतो, आईचं माहेर अमळनेर. आईचं वय 70 च्या पुढे, ट्रेननी जायचं तर गाड्या बदलायला लागतात आणि ते तिला झेपत नाही. सरवटेवरून एसटी मिळेल का गंगवालवरून? आणि महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणतात, ते इथून लागतं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, सरवटेच. गंगवाल म्हणजे धार-झाबुआची बाजू, तिकडे जाऊच नका. महाराष्ट्राची एसटी सरवटेला लागते, रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ, आणि 2022 मध्ये नवीन बिल्डिंग झाल्यापासून म्हाताऱ्या माणसाला बसायला तिथे जरा बरं आहे.

आता रस्ता. एबी रोडनी, म्हणजे जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यानी, मानपूर, खलघाटला नर्मदा, मग जुलवानिया, सेंधवा, बिजासनचा घाट उतरलं की पळासनेर, तिथून महाराष्ट्र आणि पुढे शिरपूर. अमळनेरची सरळ गाडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाली तर धुळ्याच्या कुठल्याही गाडीत बसा पण धुळ्यापर्यंत जाऊ नका, शिरपूरलाच उतरा, अमळनेर तिथून जवळ पडतं आणि आईचा उगाच जास्तीचा फेरा वाचतो. आणि नुसतं "जळगाव साइडची गाडी" असं विचारू नका हं, कारण खंडव्यावरून बऱ्हाणपूर-मुक्ताईनगरकडे जाणारा रस्ता पूर्ण वेगळा आहे, चुकून त्या गाडीत बसलात तर भलतीकडे निघाल.

अर्ध्या तिकिटाचं खरं आहे, 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना 50 टक्के सवलत आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीतच. म्हणजे इंदूर ते बॉर्डर पूर्ण भाडं आणि पुढे अर्धं, कंडक्टर तसंच तिकीट फाडतो. इथल्या बायका यावरून कंडक्टरशी भांडतात, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो हो. आपल्या मध्य प्रदेशचं रोडवेज बंद करायचं 2005 मध्येच ठरलं, म्हणून इकडची सरकारी गाडी शोधत बसू नका, एसटी नाहीतर प्रायव्हेट, दोनच पर्याय.

माझं मत विचाराल तर आईला रात्रीच्या स्लीपरमध्ये मुळीच बसवू नका. वरचा बर्थ मिळाला तर चढणार कशी, आणि हायवेवर अंधारात उतरवून दिलं तर? सकाळची एसटी, पुढची सीट, रिझर्वेशन आधी करून ठेवा, मागच्या सीटवर घाटात फार हाल होतात. इंदूरचे स्टँड हळूहळू शहराबाहेर न्यायचं चाललंय, म्हणून आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर वेळ आणि जागा दोन्ही विचारून या. गाडी राजेंद्रनगरच्या बाजूनेच बाहेर पडते तर मधेच चढू असं वाटेल, पण तिथे जागा मिळायची खात्री नाही, रिक्षा करून सरवटेलाच जा.

प्रश्न : इंदूर-मनमाड रेल्वेचं काय झालं?

उत्तर : सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, खर्च 18,036 कोटी. सेंधवा, शिरपूर, धुळे सगळं जोडलं जाणार आणि आपल्या कितीतरी घरांची सोय होणार, मनापासून आनंद आहे. पण रूळ पडून गाडी धावेपर्यंत खानदेशात जायला बसच.