ट्रॉट सुधारला, कँटर मागे राहिला?

घोड्याच्या तिन्ही चाली, म्हणजे वॉक (साधी चाल), ट्रॉट (दुडकी चाल) आणि कँटर (संथ दौड), एकदम सुधारत नाहीत, आणि यात घोड्याचा दोष नाही. ट्रॉट टापांच्या दोन ठोक्यांचा, दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून बहुधा आधी बसतो. कँटर तीन ठोक्यांचा आणि एका बाजूकडे झुकणारा. घोड्याचा वाकडेपणा तिथे लगेच उघडा पडतो. म्हणून कँटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारू नका. थकलेला घोडा पुढच्या पायांवर भार टाकतो आणि लगामावर लोंबकळतो. 20 मीटरच्या वर्तुळावर ट्रॉटमधून कँटर, सहा-आठ ढांगा, आणि तोल जाण्याआधीच परत ट्रॉट. प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा पुरे, मग लांब लगामावर वॉक.

वॉकला मात्र फार जपा! चारही ठोके समान पडायला हवेत. लगाम आखडून वॉक घाईने गोळा, म्हणजे आखूड ढांगांचा, करायला गेलात, की एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र पडू लागतात, आणि बिघडलेला वॉक पुन्हा बसवणं सर्वांत कठीण.

नाशिकची काळी माती पावसाळ्यात निसरडी होते. वाळूचं मैदान नसेल तर तेव्हा कँटर थांबवा, वॉक-ट्रॉटचे बदलच घ्या. एखादी चाल अचानक बिघडली, तर सरावाआधी खोगीर, पाठ आणि खूर तपासा.