काढणी थांबवण्याचा निरोप कोणी द्यायचा?

प्रश्न : आम्ही दिंडोरी तालुक्यातील काही द्राक्ष बागायतदार एकत्र येऊन एका निर्यातदारामार्फत युरोपला माल पाठवतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांपासून जहाजांचे वेळापत्रक बेभरवशाचे झाले आहे. गेल्या हंगामात जहाज लांबल्यामुळे आमचा कंटेनर बंदरातच अडकून पडला आणि पुढे दर कमी मिळाला. आता एका कंपनीने कंटेनरचा ठावठिकाणा व तापमान मोबाइलवर दाखवणारी प्रणाली सुचवली आहे. तिचे वार्षिक शुल्क आमच्या गटाला जड वाटते. ती घ्यावी का?
— एक बागायतदार, जि. नाशिक

उत्तर : शुल्काचा विचार करण्याआधी एका गोष्टीचा उलगडा करून घ्या. जहाज पाच दिवस लांबले, हे तुमच्या मोबाइलवर दिसले, तर त्या क्षणी तुमच्या गटात कोण काय करणार आहे? याचे उत्तर आज ठरलेले नसेल, तर ती प्रणाली तुम्हाला नुकसान फक्त लवकर दाखवील. ते टाळून देणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबड्या समुद्राची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली आणि युरोपचा प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी वाढला. द्राक्ष वेलीवरून काढल्यावर पिकत नाही, त्याची प्रत फक्त उतरत जाते. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी सैल होतात आणि गळू लागतात. प्रीकूलिंग (काढणीनंतर माल लगेच थंड करणे), बुरशी रोखणारे सल्फर डायऑक्साइडचे पॅड आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला रीफर म्हणजे शीतकंटेनर ही उतरण लांबवतात, थांबवत नाहीत. म्हणून तुमच्या हातातला खरा निर्णय घडाला कात्री लागण्यापूर्वीचा आहे. गोडी व हवामान पाहून काही बागा चार-सहा दिवस वेलीवर राखता येतात, काही मुळीच येत नाहीत. कोणाची बाग थांबू शकते, कोणाची नाही आणि थांबणाऱ्याला पाऊस लागला तर तो तोटा गटाने कसा वाटून घ्यायचा, हे हंगामापूर्वी लेखी ठरवून ठेवा. त्यानंतरच जहाजाच्या विलंबाच्या खबरीला किंमत येते.

संकटात नुसत्या माहितीपेक्षा आधी जुळवून ठेवलेली माणसेच कामी येतात, याचा सर्वांत बोलका दाखला जपानमधला आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि टोयोटाला लागणाऱ्या ब्रेकच्या एका झडपेचा जवळजवळ सगळा पुरवठा एका रात्रीत बंद पडला. झडप तळहातावर मावेल एवढी. पण तिच्यावाचून गाडी कारखान्याबाहेर पडू शकत नव्हती आणि शिल्लक साठा अगदी थोडा होता. आयसिनने आराखडे इतर पुरवठादारांच्या हाती दिले. साठाहून अधिक कंपन्यांनी, त्यांत शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदर कंपनीही होती, आपापल्या यंत्रांवर ती झडप घडवायला घेतली आणि आठवडाभरात गाड्यांचे उत्पादन पुन्हा मार्गी लागले. पैशांचा हिशेब नंतर झाला. वर्षानुवर्षे जपलेल्या संबंधांशिवाय हे घडले नसते, असे मला ठामपणे वाटते.

उलट बाजूही पाहा. जहाज कंपनी मर्स्क आणि संगणक कंपनी आयबीएम यांनी २०१८ मध्ये सुरू केलेली ट्रेडलेन्स ही जहाजी मालाची माहिती सर्वांना एकत्र दाखवणारी प्रणाली तांत्रिकदृष्ट्या भक्कम होती. तरीही संपूर्ण उद्योगाचे पुरेसे सहकार्य न मिळाल्याचे कारण देऊन ती बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली.

नुसती प्रणाली पुरत नाही, हा धडा आपल्या द्राक्षांनी आधीच घेतला आहे. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदप्रणालीमुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडला, कारण त्या रसायनाची तपासणीच तेव्हाच्या यादीत नव्हती. खरेदीदाराच्या देशातील नियमांबाबत त्याच्याशी हंगामाआधी सविस्तर बोलणे झाले असते, तर ही उणीव कदाचित वेळीच लक्षात आली असती.

आता तुमच्यापुरते. न्हावा शेवा बंदरात २०१६ पासून लॉजिस्टिक्स डेटा बँक ही सेवा आरएफआयडी टॅगद्वारे (रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या चिपद्वारे) कंटेनरचा माग ठेवते. कंटेनरचा क्रमांक टाकला की तो बंदरात पोहोचला की नाही, हे कळते. जहाजाचे बदललेले वेळापत्रक तुमच्या निर्यातदाराच्या एजंटकडे येतच असते. ते त्याच दिवशी गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकण्याची जबाबदारी करारात एका नावानिशी नोंदवा. जहाज लांबले तर पॅकहाऊसच्या शीतगृहात किती पेट्या, किती दिवस व कोणत्या भाड्याने राहतील, हेही आधीच लिहून घ्या. शेवटी युरोपातील खरेदीदाराला उशिराची खबर कोण देणार, ते ठरवा. कारण माल उशिरा येणार हे वेळेवर कळले, तर तो सुपरमार्केटचा पुरवठा थोडाफार मागेपुढे करू शकतो, आणि कळले नाही, तर तुमचा माल पडेल त्या भावाने विकला जातो.

तापमानाची नोंद मात्र अवश्य घ्या. त्यासाठी प्रत्येक कंटेनरमध्ये साधा डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारे छोटे उपकरण, पुरेसा आहे. शीतयंत्रणा बिघडल्याचा दावा करताना तीच नोंद कामी येते. विम्याचा कागद मात्र नीट वाचा, कारण सागरी मालविम्याच्या प्रचलित अटींमध्ये निव्वळ विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते.

एवढे करार हाती आल्यावरही प्रणाली हवीशी वाटली, तर एकाच हंगामापुरती घ्या, शुल्काचा अर्धा भार निर्यातदाराने उचलावा असा आग्रह धरा आणि साठलेली सगळी माहिती गटाच्या मालकीची राहील, ही अट लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.