एचआयव्हीच्या अँटीबॉडी सापडल्या म्हणजे लागण झाली, मग लशीने त्याच अँटीबॉडी तयार करून संरक्षण कसं मिळणार?

तुमची शंका रास्त आहे. मी आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, लॅब टेक्निशियन आहे आणि रिपोर्ट हातात घेऊन बसलेली माणसंही हेच विचारतात, "शरीराने अँटीबॉडी केल्यात ना, मग त्या लढत का नाहीत?"

आम्ही सीरमचा थेंब किटवर टाकतो. किट नीट चालतंय हे दाखवणाऱ्या कंट्रोलच्या रेघेशेजारी दुसरी रेघ उमटली, तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाही. ती रेघ विषाणूची नसते, अँटीबॉडीची असते. आणि या अँटीबॉडी म्हणजे वरातीमागून घोडं. लागण झाल्यावर त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर विषाणूने सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींच्या डीएनएमध्ये आपली जनुकं घुसवलेली असतात. अँटीबॉडी पेशीच्या आत शिरून ती काढू शकत नाही. त्यातच विषाणूचं कवच साखरेच्या रेणूंनी झाकलेलं असतं आणि ते सतत रूप बदलतं.

लशीचा सगळा खटाटोप या अँटीबॉडी आधीपासून हजर ठेवण्याचा आहे. लागणीच्या वेळी शरीरात बहुधा मोजकेच विषाणू शिरकाव करतात, अनेकदा एकाच विषाणूपासून पुढची सगळी वाढ होते. अडवायचं तर तेव्हाच.

हे शक्य आहे याची पहिली खूण थायलंडमध्ये दिसली. रायोंग आणि चोनबुरी प्रांतांत १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर आरव्ही१४४ नावाची चाचणी झाली. सहा महिन्यांत चार वेळा एक लस, त्यातल्या शेवटच्या दोन वेळा सोबत दुसरी. २००९ मध्ये निकाल आला : लस घेतलेल्यांपैकी ५१ जणांना लागण झाली, तेवढ्याच मोठ्या प्लासिबो गटात, म्हणजे लशीऐवजी नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेतलेल्यांत, ७४ जणांना. म्हणजे सुमारे ३१ टक्के संरक्षण. सगळ्यांना टोचावी इतकं ते नव्हतं, पण नेमकं कोण वाचलं हे शोधायला त्यातून वाट मिळाली.

२०१२ च्या विश्लेषणात दिसलं की विषाणूच्या कवचावरच्या व्ही१व्ही२ या भागाला चिकटणाऱ्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी लस घेतलेल्यांपैकी ज्यांच्यात जास्त होत्या, त्यांच्यात लागण कमी झाली. उलट कवचाविरुद्धच्या आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडी जास्त असलेल्यांमध्ये लागणीचं प्रमाण अधिक होतं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. अँटीबॉडी किती आहेत एवढं पाहून भागत नाही, त्या कुठल्या आणि कुठे चिकटतात हे पाहावं लागतं. शिवाय या आयजीजी विषाणूला थेट निकामी करण्यात कमजोर होत्या. त्या बाधित पेशीला चिकटतात आणि त्यांची शेपटी नॅचरल किलर या शरीरातल्या मारेकरी पेशींना बोलावून ती पेशी मारायला लावते, असा अंदाज त्यातून पुढे आला.

पण हा संबंध होता, पुरावा नव्हे. त्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेत दिली, तेव्हा लस घेतलेल्या गटात १२९ आणि प्लासिबो गटात १२३ जणांना लागण झाली. २०२० मध्ये चाचणी थांबवली. बातमी वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

थेट पुरावा २०२१ मध्ये आला, तोही लशीविना. व्हीआरसी०१ ही तयार अँटीबॉडी दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून दिली. एकूण लागण थांबली नाही, पण या अँटीबॉडीला दाद देणाऱ्या विषाणूंची लागण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. आता अनेक प्रकारच्या विषाणूंना पुरून उरतील अशा अँटीबॉडी शरीरानेच बनवाव्यात, म्हणून अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना टप्प्याटप्प्याने तयार करणाऱ्या लशींवर काम चालू आहे.

आपल्याकडेही भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये एका लशीची सुरुवातीची चाचणी झाली होती. अशा लशींत जिवंत एचआयव्ही नसतो, त्यामुळे त्यांनी लागण होत नाही. मात्र चाचणीत लस घेतलेल्या काहींच्या रक्ताने आमच्या किटवर ती दुसरी रेघ उमटू शकते. अशा वेळी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी तपासणी करावी लागते. म्हणून कुणी अशा लशीच्या चाचणीत भाग घेतला असेल, तर रक्त देण्याआधीच आम्हाला सांगावं.